लाल पाटीखालचं नाव

पहाडगंज, दिल्ली
१२ सप्टेंबर १९९१

ती. प्रभाआत्या,

नमस्कार. तू रिटायर होऊन मिरजेला गेलीस आणि नेमकी आत्ता मला तुझी गरज पडली. मला नोकरी लागली! बाबांच्या ऑफिसातल्या एकांच्या ओळखीने. वेस्ट दिल्लीत मोटारींचं मोठं शोरूम आहे, तिथे. आणि काम बिल्कुल तुझ्या लाइनमधलं.

माझ्या ताब्यात पाच लाल पाट्या आहेत. तू तीस वर्षं ट्रान्सपोर्ट ऑफिसात काढलीस, तुला हसू येईल. पण मला खरंच माहीत नव्हतं की नवी गाडी विकून तिला स्वतःचा नंबर मिळेपर्यंत ती रस्त्यावर काढायची, तर डीलरची लाल पाटी तिला बांधावी लागते. गाडी परत आली की पाटी सोडायची आणि पुढच्या गाडीला लावायची. पाट्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. शिवाय एक रजिस्टर. कुठली गाडी, किती वाजता निघाली, कोण चालवतंय, कशासाठी, आणि खाली पाटी नेणाऱ्या ड्रायव्हरची सही. खाली कार्बन घालून लिहायचं. वरचं पान रजिस्टरमध्ये राहतं, खालचं ड्रायव्हर बरोबर नेतो.

आमचे मॅनेजर खुराना म्हणतात, "सुहासिनीजी, कुछ भी हो, ट्रायल लिख दो. ट्रायल में सब आ जाता है." खरंच सगळं येतं का गं?

शोरूममध्ये मराठी माणूस एकच, मारुतराव. साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कँटोन्मेंटजवळ नांगलला खोली घेऊन राहतात. रोज सकाळी पाटी न्यायला येतात आणि माझं लिहून होईपर्यंत अटेन्शनमध्ये उभे राहतात. मी म्हटलं, बसा की. म्हणाले, "गाडीचा कागद होईपर्यंत बसत नसतोय ताई. सवय."

बाबा ठीक आहेत. उत्तर लवकर लिही.

तुझी,
सुहास

*

मिरज
२१ सप्टेंबर १९९१

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद. नोकरीचं वाचून आनंद झाला. ‘बिल्कुल’ला आपल्याकडे ‘अगदी’ म्हणतात, हे विसरू नकोस. श्रीरंगला सांग, मुलगी कमावती झाली तरी तिचं मराठी बापानेच सांभाळायचं असतं.

आता तुझा प्रश्न. ट्रायलमध्ये सगळं येत नाही. ट्रायल म्हणजे गाडी घेऊ इच्छिणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दाखवणं, आणि तेव्हा शोरूमचा माणूस गाडीत हवा. त्याखेरीज गाडी वर्कशॉपला न्यायची, नंबर घ्यायला आमच्या ऑफिसात आणायची, गिऱ्हाइकाच्या दारी पोचवायची, यार्डातून शोरूमला आणायची, प्रदर्शनाला न्यायची, यासाठी पाटी चालते. मालकाच्या घरच्यांना लग्नाला जायला चालत नाही. भाजी आणायला चालत नाही. पाटी ज्याच्या नावाची त्यानेच वापरायची, दुसऱ्याला द्यायची नाही. आणि गाडी दाराबाहेर पडण्याआधी नोंद झालीच पाहिजे. रजिस्टर बांधीव असतं आणि पानांना नंबर असतात ते का, हे तुझ्या खुरानांना विचार. पान फाडलं तर कळावं म्हणून.

लोकांना वाटतं, नंबर नसलेली गाडी म्हणजे कोणाचीच नाही. नंबर नाही म्हणूनच तर माणसाचं नाव लिहायचं. गाडीने काही केलं तर शोधायला तेवढंच असतं.

मारुतराव बरोबर करतात. तूही त्यांच्यासारखीच कर.

तुझी,
प्रभाआत्या

*

पहाडगंज
२८ नोव्हेंबर १९९१

ती. आत्या,

नमस्कार. दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. दिवाळीत शोरूमला पाय ठेवायला जागा नव्हती.

इथे एक वाईट गोष्ट घडली आहे. सतरा तारखेला, रविवारी दुपारी, आमची एक गाडी लाल पाटीवर बाहेर होती. रिजच्या टेकडीवरच्या उतारावर तिने एका सायकलवाल्याला मागून उडवलं. हरकिशन नाव त्याचं, वह्या-पुस्तकं बांधण्याचं काम करतो. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हिंदूराव हॉस्पिटलात आहे. लोक जमले तसा चालवणारा गाडी टाकून पळाला. गाडीत नोंदीची कार्बनकॉपी होती. तिच्यावर मारुतरावांचं नाव आहे.

पोलिसांनी मारुतरावांना सोमवारी घरून नेलं. ते म्हणतात, मी गाडी चालवतच नव्हतो, मी घरी भिंतींना चुना लावत होतो. पण कागद कागद असतो ना.

आत्या, नियमाने विचारते. नोंद एका माणसाच्या नावाची असेल आणि तो नाही म्हणत असेल, तर खरं काय धरतात?

सुहास

*

मिरज
६ डिसेंबर १९९१

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून जीव हळहळला. त्या हरकिशनच्या घरी कोण कमावतं आहे, चौकशी कर.

नियम सरळ आहे. नोंद खरी धरतात. ती असतेच त्यासाठी. मारुतरावांबद्दल तू जे लिहिलं होतंस त्यावरून मला हे पटायला जड गेलं. पण मी असे पुष्कळ पाहिले. सगळं आयुष्य शिस्तीत काढलेला माणूस एका क्षणी घाबरतो आणि पळतो. मग चुना आठवतो, देव आठवतो. त्यांनी मान्य करावं, त्यातच त्यांचं भलं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तुझं काम चोख केलंस. तुझ्या नोंदीमुळेच तर चालवणारा सापडला. नाहीतर त्या गरिबाला कोणी वाली उरला नसता.

मला तुझा अभिमान वाटतो. मी इथे शेजारच्या सुनंदाबाईंनाही सांगितलं.

तुझी,
प्रभाआत्या

*

पहाडगंज
१४ डिसेंबर १९९१

आत्या,

तुझं पत्र मी पुन्हा वाचू शकले नाही. एकदाच वाचलं आणि ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवलं. अभिमान वगैरे लिहू नकोस. मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

गाडी मारुतराव चालवत नव्हते. मालकांचा पुतण्या विकी चालवत होता. मित्रांना घेऊन गाझियाबादला लग्नाच्या जेवणाला गेला होता. शनिवारी संध्याकाळी खुराना माझ्या टेबलाशी आले. "कल के लिए एक ट्रायल लिख दो. सुबह दस बजे." मी विचारलं, ड्रायव्हर कोण? विकी शोरूममध्ये नोकरीला नाही, त्याचं नाव लिहिता येणार नाही, हे तुझ्या पत्रामुळे मला माहीत होतं. खुराना हसले. "तो मारुति का लिख दो. लिखने में क्या जाता है?"

मी लिहिलं. मला माहीत होतं की रविवारी मारुतरावांची सुट्टी असते. आत्या, मला सगळं माहीत होतं. मी कार्बन नीट लावला, वेळ लिहिली, नाव लिहिलं, पाटी दिली आणि सव्वासहाची बस पकडली.

ते सहा दिवस आत होते. आता जामिनावर आहेत. शोरूमने कामावरून काढलंय. खुराना सगळ्यांना सांगतात, कंपनी वकील देईल, दंड भरेल, ड्रायव्हर लोकांना हे चालतंच. मला म्हणाले, तुम्हाला काही करायचंच नाहीये. फक्त गप्प बसायचंय.

काल मारुतरावांच्या बायको, हौसाबाई, घरी आल्या. पत्ता विचारत विचारत नांगलहून पहाडगंजला. बाबा ऑफिसात होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हणं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"त्या फौजदारानं कागद दाखवला मला. मला वाचता येतंय थोडं. मग एवढ्या चांगल्या अक्षरात आमच्या ह्यांचं नाव कशाला घातलंसा?"

मी म्हटलं, "मला सांगितलं होतं."

"कुणी?"

"मॅनेजरनी."

"त्यांनी सांगितलं. आन् तुम्ही लिवलंसा." मग म्हणाल्या, "त्या दिवशी चुना ह्यांनी लावला, बादली मी धरली हुती. पर बायकूची साक्ष कोण धरतंय? तुमची धरत्याल."

एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. मला वाटत होतं, रडाव्यात, म्हणजे मला त्यांची समजूत घालता येईल.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नोकरी सोड आणि गप्प बस, आपण सरकारी माणसं, ठाण्याच्या भानगडी आपल्याला परवडत नाहीत. त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांचा राग आला नाही. मीही अशीच तर घाबरले होते.

मी काय करू ते मला माहीत आहे. तरी तू लिही.

सुहास

*

मिरज
२० डिसेंबर १९९१
(रजिस्टर्ड)

सुहास,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, मग माझा आला. मी न बघता एका माणसाला खोटा ठरवला. ‘चुना आठवतो, देव आठवतो’ असं लिहिलं. ते पत्र फाडू नकोस. मारुतरावांची माफी मागेन तेव्हा मी काय लिहिलं होतं ते मला शब्दाला शब्द आठवलं पाहिजे.

आता ऐक. तू ठाण्यात जायचंस. तोंडी सांगायचं नाही, लिहून द्यायचं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून, कोणाचं नाव, आणि ते खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं, असं स्पष्ट. ‘दबावाखाली’ हा शब्द घालू नकोस. तुझ्या गळ्यावर कोणी सुरी ठेवली नव्हती. कागदाची एक प्रत आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दे, लायसन्सिंगच्या खिडकीवर. पोच घे. दोन्हीकडे पोच घे. घेत नाहीत म्हणाले तर तिथेच बस. टपालाने पाठव म्हणाले तर टपालानेही पाठव आणि तरीही तिथेच बस. शोरूममध्ये राजीनामा आधी देऊ नकोस. आधी सांग, मग त्यांना काढू दे. राजीनामा दिलास तर म्हणतील, चोर होती, पळाली.

तुझ्यावर खटला होईल. खोटी नोंद केल्याचा. तो होऊ दे. मी तुला फसवत नाही.

आता माझं एक. चौऱ्याहत्तर साली माझ्या टेबलावर एका डीलरचं पाटीचं सर्टिफिकेट नूतनीकरणाला आलं. रजिस्टर तपासायचं असतं. साहेब म्हणाले, अहो बाई, ओळखीचे आहेत, सही करा. मी केली. एक पानही उलटलं नाही. पुढे काही घडलं नाही. कोणी मेलं नाही, कोणाचा पाय मोडला नाही. म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. घडलं असतं तर सांगितलं असतं का, हे मला आज सतरा वर्षांनीही ठाऊक नाही. तुझं मात्र घडलं आहे, आणि तुला ठाऊक आहे.

श्रीरंगला वेगळं पत्र लिहिलं आहे. तो लहानपणापासून भित्रा आहे, पण वाईट नाही.

प्रभाआत्या

*

पहाडगंज
५ जानेवारी १९९२

ती. आत्या,

नमस्कार. दिलं. दोन्हीकडे दिलं, दोन्हीकडची पोच आहे.

सोमवारी सकाळी आधी शोरूमला गेले. खुरानांना उभ्याउभ्याच सांगितलं, मी आज ठाण्यात लिहून देणार आहे. त्यांना आधी खरंच वाटेना. मग दार लावलं. म्हणाले, "आप पढ़ी-लिखी हैं. एक ड्राइवर के लिए अपनी ज़िंदगी ख़राब करेंगी?" मी म्हटलं, ड्रायव्हरची मी आधीच केली आहे. मग त्यांचा आवाज चढला. बाहेरचे सेल्सवाले काचेतून बघत होते. मी पाट्या टेबलावर ठेवल्या, चारही, मोजून; पाचवी पोलिसांकडे होती. किल्ली ठेवली. रजिस्टर ठेवलं नाही. म्हटलं, हे मी अधिकाऱ्यांच्या हातात देणार. ते ओढायला आले. मी ते छातीशी धरलं आणि दार उघडून चालत सुटले. मागून कोणी आलं नाही. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी पाय चालत होते.

ठाण्यात तीन तास बसवलं. सब-इन्स्पेक्टर म्हणाला, केस तयार आहे, ड्रायव्हर सापडलेला आहे, तुम्ही कशाला मध्ये येता? मी म्हटलं, तो ड्रायव्हर मी तयार केलाय. त्याला कळेना. मी रजिस्टर उघडून त्या रविवारच्या नोंदीच्या वरचीच नोंद दाखवली. गाडी यार्डातून आणायला शनिवारी मारुतराव गेले होते, निघाल्याची वेळ आणि खाली पाटी नेताना केलेली त्यांची सही. सतराच्या नोंदीखाली सही नाही. "इथे का नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कारण माणूसच नव्हता." तेव्हा त्याने कागद पुढे ओढला.

बाबा ठाण्याजवळच्या बसस्टॉपपर्यंत आले होते. तू त्यांना लिहिलेलं पत्र त्यांच्या खिशात होतं. म्हणाले, "मी आत येत नाही, सुहास. माझ्याच्याने होणार नाही." मी संध्याकाळी बाहेर आले तेव्हा ते त्याच स्टॉपवर होते. डबा उघडलाच नव्हता त्यांनी.

हिंदूरावलाही जाऊन आले. हरकिशन चाळिशीचा आहे, पाय वर टांगलेला. मी सांगितलं, मी कोण. तो म्हणाला, गाडी मागून आली, मला काहीच दिसलं नाही, जो कागद म्हणेल तोच चालवणारा. मग म्हणाला, आता कागद काय म्हणतोय? मी सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, पक्का? मी म्हटलं, पक्का.

नोकरी गेली, हे वेगळं लिहायला नको.

सुहास

*

मिरज
१६ जानेवारी १९९२

चि. सुहास,

अनेक आशीर्वाद. पोचपावत्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेव.

मारुतरावांना मी पत्र पाठवलं आहे. उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नाही. तुलाही ते काही म्हणणार नाहीत. तू जे केलंस ते त्यांच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून नव्हतं, हे लक्षात ठेव. कठीण जाईल. पण प्रत्येक तारखेला जायचं. बोलावलं असो वा नसो.

प्रभाआत्या

*

पहाडगंज
१० नोव्हेंबर १९९२

ती. आत्या,

नमस्कार. काल माझी साक्ष झाली. सगळं नीट लिहिते, कारण तू विचारशीलच.

तुला माहीत आहेच की मार्चमध्ये मारुतरावांवरची केस काढली आणि विकीवर लावली. शोरूमचं पाट्यांचं सर्टिफिकेट तीन महिने बंद होतं, ते पुन्हा सुरू झालंय. खुराना अजून तिथेच आहेत. मी सकाळी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात टायपिंग करते. मारुतराव एका शाळेची बस चालवतात. हे मला इतरांकडून कळलं. कालपर्यंत वर्षभरात ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. तारखांना ते यायचे, हौसाबाई यायच्या, मी यायचे. बाकाच्या एका टोकाला ते, एका टोकाला मी. हरकिशनला त्याचा भाऊ घेऊन येतो. तो काठीने चालतो, पाय थोडा आखूड राहिलाय. पण काम सुरू केलंय त्याने.

विकीच्या वकिलाने मला तासभर उभं केलं. मॅनेजरशी भांडण होतं का, पगार वाढवून मागितला होता का, मारुतराव तुमच्या गावचे का. शेवटी तो म्हणाला, तुम्ही स्वतः कबूल करता की तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज बोलताय ते खरं कशावरून?

मी म्हटलं, "खोटं लिहिलं तेव्हा माझी नोकरी टिकली. खरं सांगितलं तेव्हा गेली, आणि माझ्यावर केस झाली. आता यातलं कुठलं मी स्वतःच्या फायद्यासाठी केलं, ते तुम्हीच सांगा."

न्यायाधीशांनी वर बघितलं. वकील म्हणाला, नो फर्दर क्वेश्चन्स. मी कठड्याला धरून खाली उतरले.

बाहेर आवारात ऊन होतं. मी झाडाखालच्या नळावर पाणी पीत होते. मागून आवाज आला, "ताई."

मारुतराव होते. हौसाबाई जरा लांब, पदर डोक्यावरून घेऊन उभ्या.

"तुमच्या आत्याबाईंचं पत्र आलं हुतं," ते म्हणाले. "हिनं वाचून दाखवलं. उत्तर द्यायला जमलं न्हाई. काय लिहावं कळंना."

"काही हरकत नाही," मी म्हटलं.

"सहा दिवस आत हुतो मी. फौजेत वीस वर्षांत एक रिमार्क न्हाई माझ्यावर. ते मी विसरणार न्हाई ताई. विसरलो असं म्हणलं तर खोटं हुईल."

"विसरू नका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग पाठ ताठ केली.

"तुमच्यावरची जी केस हाय. खोट्या नोंदीची. तिची तारीख कधी?"

"अठरा जानेवारी."

"एकट्याच येणार?"

मी म्हटलं, बाबांना जमत नाही, कोर्टाचं नाव काढलं की त्यांचं बीपी वाढतं. एकटीच.

"कोर्ट दहाला बसतंय. शाळेची सकाळची फेरी माझी नऊला सुटती. मी साडेनवाला हितं असतो."

हौसाबाई तिथूनच म्हणाल्या, "मी बी येती." मग ते दोघं चालू लागले. फाटकाशी हौसाबाई थांबल्या, वळल्या आणि मला हाताने खूण केली, की चल, बस चुकेल.

मी त्यांच्यामागून गेले.

तुझी,
सुहास